१०.२ आणि ९.५८ यांच्यामधलं अंतर

३ ऑगस्ट १९३६. बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये जेसी ओवेन्सनं १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. वेळ १०.३ सेकंद. १६ ऑगस्ट २००९. त्याच स्टेडियममध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उसेन बोल्टनं तेच अंतर ९.५८ सेकंदांत पार केलं. दोघंही त्या दिवशी २२ वर्षांचे होते आणि दोघांचाही तेविसावा वाढदिवस तोंडावर आला होता. गाव तेच, मैदान तेच, महिना तोच, वयही तेच. दोन काळांतल्या धावपटूंची तुलना करण्यासाठी इतकी जुळून आलेली जोडी शोधून सापडायची नाही.

ओवेन्सची सर्वोत्तम वेळ त्याआधी काही आठवडे, जून १९३६ मध्ये शिकागोला नोंदली गेली होती: १०.२ सेकंद. हा विश्वविक्रम पुढची वीस वर्षं टिकला. आता १०.२ मधून ९.५८ वजा करा. उरतात ०.६२ सेकंद, म्हणजे अंतिम रेषेपाशी साधारण सहा ते सात मीटर. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि निकाल लावतात की बोल्ट इतका पुढे, ओवेन्स इतका मागे.

या वजाबाकीत दोन वेगळ्या घड्याळांचे, दोन वेगळ्या जमिनींचे आणि दोन वेगळ्या आयुष्यांचे आकडे एकमेकांसमोर ठेवले गेले आहेत. घड्याळ आणि जमीन यांचा हिशेब विज्ञानाला बऱ्यापैकी मांडता येतो. आयुष्यांचा मांडता येत नाही. कुठला हिशेब कुठवर जातो हे नीट पाहिलं, तर तुलना सोडून द्यावी लागत नाही. उलट ती जास्त रंगते.

आधी घड्याळ. ओवेन्सच्या काळात अंतिम रेषेपाशी माणसं हातात स्टॉपवॉच घेऊन उभी असत. १०० मीटर पलीकडे पिस्तुलातून धूर दिसला की बटण दाबायचं. आवाजाची वाट पाहायची नाही, कारण आवाज तिथवर पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. धूर दिसल्यापासून अंगठा हलेपर्यंत मात्र मेंदू आपला वेळ घेतोच, त्यामुळे घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी तसं होत नाही. धावपटू समोरून येताना दिसत असतो, तो रेषेवर कधी पोचणार याचा अंदाज डोळ्यांना आलेला असतो, म्हणून बटण जवळपास अचूक दाबलं जातं. सुरुवातीचा उशीर वजा होतो आणि धावपटू होता त्याहून वेगवान ठरतो. हाताच्या वेळेत १०० आणि २०० मीटरसाठी ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरसाठी ०.१४ सेकंद मिळवायचे, हा प्रघात यातूनच आला. १९७७ पासून छोट्या पल्ल्याच्या विश्वविक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक घड्याळ सक्तीचं झालं.

या ०.१४ चा आपल्याकडचा सगळ्यात ठळक दाखला मिल्खासिंग यांचा. रोम ऑलिंपिक, १९६०, ४०० मीटरची अंतिम शर्यत. मिल्खासिंग चौथे आले. हातघड्याळावर त्यांची वेळ ४५.६ सेकंद, इलेक्ट्रॉनिक मोजणीत ४५.७३. पुढे १९९८ मध्ये परमजित सिंग यांनी ४५.७० सेकंदांत हे अंतर धावून राष्ट्रीय विक्रम मोडला. ४५.६ आणि ४५.७० शेजारी शेजारी ठेवले तर विक्रम मोडलाच नाही असं वाटतं. ४५.७३ आणि ४५.७० ठेवले तर तो ३ शतांश सेकंदांनी मोडला. शर्यत एकच, माणूस एकच, फरक फक्त मोजणाऱ्या यंत्राचा. आता यात हेही धरा की रोमचा ट्रॅक कृत्रिम नव्हता आणि परमजित सिंग कृत्रिम ट्रॅकवर धावले होते. माझ्या मते मिल्खासिंग यांची ती धाव आजच्या मैदानावर ४५ सेकंदांच्या आणखी जवळ गेली असती. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

शतांश सेकंद म्हणजे काय हे भारतीयांना समजावून सांगायची गरज नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या ४०० मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथ्या आल्या. कांस्यपदक विजेतीची वेळ होती ५५.४१. स्टॉपवॉचच्या जमान्यात दोघींच्या नावापुढे ५५.४ असंच लिहिलं गेलं असतं आणि तिसरं कोण हे पंचांच्या डोळ्यांनी ठरवलं असतं. २०२४ मध्ये पॅरिसला पुरुषांच्या १०० मीटरमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन या दोघांचीही वेळ ९.७९ आली. निकाल लागला तो ९.७८४ आणि ९.७८९ या सहस्रांशांवर.

आवाजाची आणखी एक गंमत सांगायची राहिली. स्टार्टर ट्रॅकच्या एका बाजूला उभा असेल तर लांबच्या लेनमधल्या धावपटूला गोळीचा आवाज उशिरा ऐकू येतो. दहा मीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.०३ सेकंद. वळणावर मागेपुढे उभं राहून सुरू होणाऱ्या २०० आणि ४०० मीटरमध्ये तो त्याहून जास्त. आज प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र स्पीकर असतो, म्हणून हा अन्याय मिटला. जुन्या निकालांमध्ये तो कुठे कुठे दडला असेल ते आता शोधता येणार नाही.

आता जमीन, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते.

ओवेन्स ज्यावर धावला तो सिंडर ट्रॅक होता. जळलेल्या कोळशाचा चुरा दाबून, रूळ फिरवून तो तयार करत. शर्यत सुरू होण्याआधी प्रत्येक धावपटू लहानशा खुरप्यानं स्वतःच्या पायांसाठी दोन खळगे खणायचा आणि त्यात पाय रोवून सुटायचा. स्टार्टिंग ब्लॉकचा, म्हणजे पाय टेकवून सुटायच्या ठोकळ्यांचा शोध १९२० च्या दशकातच लागला होता, पण त्यांना अधिकृत मान्यता मिळाली १९३७ मध्ये, बर्लिननंतर एका वर्षानं. ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा दिसले १९४८ साली लंडनला.

पूर्ण वेगात धावणाऱ्या माणसाचा पाय जमिनीला जेमतेम ०.०९ ते ०.१ सेकंद टेकलेला असतो. तेवढ्या अवधीत त्याला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीवर लावायचा असतो. जमिनीनं तो जोर परत केला तर शरीर पुढे फेकलं जातं. किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पळून पाहिलं असेल तर जमीन जोर परत करत नाही तेव्हा काय होतं हे पोटऱ्यांना ठाऊक असतं. सिंडर वाळूइतका भुसभुशीत नव्हता, पण दर पावलाला थोडा चुरा सरकायचा, थोडा उडायचा, आणि तो सरकवण्यात खर्च झालेली ऊर्जा कायमची जायची. पाऊस पडला की चिखल. आधीच्या शर्यतींनी उकरलेली आतली लेन तर फारच वाईट.

१९७० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात टॉम मॅकमहॉन आणि पीटर ग्रीन यांनी या प्रश्नाचं गणित मांडलं. त्यांनी माणसाचा पाय एक स्प्रिंग मानला आणि ट्रॅक ही दुसरी स्प्रिंग. ट्रॅक फार मऊ असेल तर पाय त्यात रुततो, जमिनीवर जास्त वेळ राहतो आणि वेग घटतो. फार कडक असेल तर ट्रॅक काहीच परत करत नाही आणि हाडांना मार बसतो. या दोन टोकांच्या मधे एक पट्टा असा आहे की जिथे ट्रॅकचा लवचीकपणा पायाच्या लवचीकपणाशी जुळतो आणि वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. या हिशेबावर बेतून १९७७ मध्ये हार्वर्डमध्ये एक बंदिस्त ट्रॅक बांधला गेला. त्यावर धावपटूंच्या वेळा खरोखरच सुधारल्या आणि दुखापतीही कमी झाल्या. हे संशोधन वाचताना मला फार आनंद होतो, कारण मैदानाचा कंत्राटदारसुद्धा विक्रमात भागीदार असतो हे त्यातून आकड्यांत दिसतं.

ऑलिंपिकमध्ये कृत्रिम ट्रॅक आला १९६८ ला मेक्सिको सिटीत. म्हणून १९६४ चं टोकियो ऑलिंपिक हे सिंडरचं शेवटचं ऑलिंपिक, आणि तिथल्या १०० मीटरचा विजेता बॉब हेज. या लेखातलं हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. अंतिम शर्यतीत हेजच्या वाट्याला पहिली लेन आली, जी चालण्याच्या शर्यतीनं उकरून ठेवलेली होती. एक बूट हरवल्यामुळे त्यानं सहकाऱ्याचा उसना बूट घातला होता. वेळ १०.०६ सेकंद, तीही इलेक्ट्रॉनिक. दुसरा आलेला एन्रिके फिगेरोला १०.२५.

चार वर्षांनी मेक्सिकोत जिम हाइन्स ९.९५ सेकंदांत धावला आणि इलेक्ट्रॉनिक मोजणीत १० सेकंदांच्या आत येणारा पहिला माणूस ठरला. इतिहासात हाइन्सचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. आपण जरा हिशेब करू. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचावर आहे आणि तिथली हवा साधारण पाचव्या हिश्शानं विरळ आहे. १०० मीटर धावणाऱ्याला त्याचा सुमारे ०.०७ सेकंदांचा फायदा मिळतो. हाइन्सच्या पाठीशी सेकंदाला ०.३ मीटर वेगाचा वारा होता, त्याचे ०.०२ धरू. म्हणजे समुद्रसपाटीवर, वारा नसताना, हाइन्सची धाव साधारण १०.०४ ची. हेजच्या पाठीशी सेकंदाला १ मीटरचा वारा होता, त्याचे ०.०५ मिळवले की तो १०.११ वर येतो. दोघांत उरला ०.०७ सेकंदांचा फरक. यात हाइन्स नव्या कृत्रिम ट्रॅकवर आणि हेज उखडलेल्या सिंडरवर. ट्रॅक बदलल्यानं एक टक्का जरी मिळतो असं मानलं तरी तो ०.१ सेकंद होतो, म्हणजे फरक भरून वर उरतो. म्हणून माझ्या हिशेबानं १९६० च्या दशकातला सर्वांत वेगवान माणूस बॉब हेज होता. पुढे तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलकडे वळला आणि धावण्याची त्याची कारकीर्द टोकियोतच संपली, त्यामुळे कृत्रिम ट्रॅकवर तो काय करू शकला असता हे जगाला कळलंच नाही.

हवेचा उल्लेख आलाच आहे, तर तोही पुरा करू. विक्रमासाठी पाठीवरचा वारा सेकंदाला २ मीटरपर्यंतच चालतो. एवढ्या वाऱ्यानं पुरुषांच्या १०० मीटरमध्ये सुमारे ०.१० सेकंद वाचतात. बर्लिनला दुसऱ्या फेरीत ओवेन्स १०.२ सेकंदांत धावला होता, पण वारा जास्त भरल्यानं ती वेळ विक्रमात धरली नाही. वाऱ्याच्या नोंदीवरचा सगळ्यात मोठा वाद महिलांच्या १०० मीटरचा आहे. १६ जुलै १९८८ ला इंडियानापोलिसमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर १०.४९ सेकंदांत धावली. ट्रॅकवरच्या वाऱ्याच्या मापकानं शून्य दाखवलं. त्याच सुमाराला, त्याच मैदानात, तिहेरी उडीजवळच्या मापकावर सेकंदाला ४ मीटरहून जास्त वारा दिसत होता. नंतर झालेल्या अभ्यासात तिच्या पाठीवर सेकंदाला पाच ते सात मीटर वारा असावा असं अनुमान निघालं. विक्रम आजही तोच आहे. दोन पिढ्यांतल्या धावपटू त्याचा पाठलाग करत आल्या. एलेन थॉम्पसन-हेरा २०२१ मध्ये १०.५४ पर्यंत पोचली, तेही नियमात बसणाऱ्या वाऱ्यात. माझ्या दृष्टीनं महिलांच्या १०० मीटरची खरी अग्रणी तीच.

विरळ हवा सगळ्यांनाच फळत नाही. मेक्सिकोत ४०० मीटरपर्यंतच्या शर्यती आणि उड्यांचे विक्रम पडले, आणि १०,००० मीटरचा विजेता नफ्ताली टेमू २९ मिनिटं २७ सेकंदांहून जास्त वेळ धावत होता. छोट्या पल्ल्यात शरीर साठवलेल्या इंधनावर चालतं, तिथे हवेचा अडथळा कमी झाला की नुसता फायदा. लांब पल्ल्यात श्वासागणिक ऑक्सिजन लागतो आणि तोच कमी पडतो. म्हणून ‘मेक्सिकोतल्या वेळा’ असा सरसकट शेरा मारून चालत नाही.

बूट. २०१९ नंतर कार्बनची पट्टी आणि हलका, उसळी देणारा फोम असलेले स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, ट्रॅकवर आले. टोकियोत २०२१ मध्ये पुरुषांच्या ४०० मीटर अडथळा शर्यतीत कार्स्टन वारहोम ४५.९४, राय बेंजामिन ४६.१७ आणि आलिसन दोस सांतोस ४६.७२. केव्हिन यंगचा ४६.७८ हा १९९२ मधला विक्रम त्या उन्हाळ्यापर्यंत २९ वर्षं कोणाला मोडता आला नव्हता. एका शर्यतीत तिघं त्याच्या आत आले. वारहोमनं शर्यतीनंतर प्रतिस्पर्ध्याच्या बुटांवर उघड टीकाही केली. ट्रॅकवरच्या बुटांच्या तळव्याची जाडी आता २० मिलीमीटरपर्यंत मर्यादित आहे. बुटांमुळे नेमका किती फरक पडतो हे माणसागणिक बदलतं, त्यामुळे ०.२४ सारखा एकच आकडा इथे लावता येत नाही. जमिनीचं आणि घड्याळाचं गणित सगळ्यांना सारखं होतं, बुटांचं नाही. पुढच्या पिढीतल्या तुलना यामुळे अवघड होणार आहेत.

आता ओवेन्सकडे वळू. १०.२ ही हाताची वेळ. त्यात ०.२४ मिळवले की १०.४४. म्हणजे बोल्टपासूनचं अंतर ०.६२ वरून ०.८६ वर गेलं, वाढलं. आता सिंडरची भरपाई द्या: एक ते दोन टक्के धरले तर ०.१ ते ०.२ सेकंद. खळग्यांऐवजी ब्लॉक, जड कातडी बुटांऐवजी हलके स्पाइक्स, यांचे आणखी काही शतांश. ओवेन्स १०.२ च्या आसपास येतो. म्हणजे जिथून निघालो तिथेच! घड्याळानं त्याला जेवढं फुकट दिलं होतं, जवळपास तेवढंच जमिनीनं त्याच्याकडून काढून घेतलं होतं. कागदावरचा १०.२ हा आकडा मोजणीत चुकीचा आणि तरीही माणसाबद्दल बराच खरा निघावा, हा या हिशेबातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. ओवेन्स आजच्या ट्रॅकवर बोल्टच्या पावलाशी पाऊल लावून धावला असता असं म्हणणारेही आहेत. माझा हिशेब तिथवर पोचत नाही. सहा मीटरांचं अंतर उरतंच.

बोल्टचीही धाव परिपूर्ण परिस्थितीतली नव्हती. बर्लिनमध्ये त्यानं पिस्तुलाला प्रतिसाद द्यायला ०.१४६ सेकंद घेतले, नियमाप्रमाणे ०.१०० पर्यंत चालतं. वारा ०.९ चा होता, २.० चा चालला असता. उंची समुद्रसपाटीच्या जवळची होती. हे तिन्ही अनुकूल असते तर तीच ताकद ९.४५ च्या आसपास पोचली असती, असा हिशेब केंब्रिजचे गणितज्ञ जॉन बॅरो यांनी मांडला होता. १.९५ मीटर उंचीचा माणूस ४१ पावलांत १०० मीटर संपवतो आणि ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात ताशी ४४ किलोमीटरच्या वर जातो, हे कुठल्याही ट्रॅकच्या नावावर घालता येत नाही. वेगाच्या यादीत पहिला बोल्टच, सगळ्या दुरुस्त्या करूनसुद्धा.

पण वेग हे एकच माप नव्हे. एकाच दिवशी, एकाच मैदानावर धावलेल्या सगळ्यांना हवा, जमीन आणि घड्याळ सारखंच असतं. त्यामुळे विजेता आणि दुसरा यांच्यातलं अंतर पाहिलं की बऱ्याच दुरुस्त्या आपोआप होतात. ऑलिंपिकच्या १०० मीटरमध्ये हेजनं १९६४ मध्ये ०.१९ सेकंदांनी बाजी मारली. कार्ल लुईसनं १९८४ मध्ये ०.२० सेकंदांनी. बोल्टनं २००८ मध्ये बीजिंगला ०.२० सेकंदांनी, तीही शेवटी छातीवर हात मारत, वेग सोडून. तिघं तीन काळांतले, आणि फरक जवळपास एकच. लांब उडीत बॉब बीमननं मेक्सिकोत ८.९० मीटर उडी मारली, तेव्हा वारा नेमका २.० होता आणि हवा विरळ, म्हणून काहीजण ती उडी कमी लेखतात. त्याच हवेत दुसरा आलेला क्लाउस बेअर ८.१९ मीटरवर होता. ७१ सेंटीमीटरचा तो फरक हवेनं दिलेला नाही.

या मापानं पाहिलं की फॅनी ब्लँकर्स-कोएन एकदम समोर येते. १९३६ मध्ये अठराव्या वर्षी ती बर्लिनला नेदरलँड्सकडून उतरली होती आणि ओवेन्सची स्वाक्षरी घेऊन परतली होती. नंतर युद्ध आलं. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत, म्हणजे तिची वयाची २२ आणि २६ वर्षं निघून गेली. १९४८ ला लंडनमध्ये ती तीस वर्षांची होती, दोन मुलांची आई होती, आणि तिनं १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळे आणि रिले अशी चार सुवर्णपदकं जिंकली. उंच उडी आणि लांब उडीचे विश्वविक्रम तिच्याच नावावर होते. एका महिलेला तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेता येईल या नियमामुळे त्या दोन्हींत ती उतरलीच नाही. पावसानं भिजलेल्या सिंडरवर तिनं २०० मीटर २४.४ सेकंदांत जिंकली आणि दुसरी आलेली धावपटू २५.१ वर होती. ०.७ सेकंद! आज महिलांच्या २०० मीटरमध्ये एवढ्या फरकात पाच-सहा जणी मावतात.

फरकाच्या मापातही खोट आहे, ती लपवून चालणार नाही. १९४८ ला जर्मनी आणि जपानला बोलावलं नव्हतं, सोव्हिएत संघ आला नव्हता. १९३६ मध्ये ४९ देश होते, २००८ मध्ये २०४. स्पर्धेत उतरणाऱ्यांची संख्या जितकी मोठी, तितके पहिले दहा एकमेकांजवळ सरकतात. पॅरिसला २०२४ मध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आठव्या, म्हणजे शेवटच्या धावपटूची वेळ ९.९१ होती. हाइन्सच्या ९.९५ हून चांगली. अशा गर्दीत ०.२० चा फरक काढणं हे मोजक्या देशांच्या स्पर्धेत तेवढाच फरक काढण्याहून अवघड आहे. बोल्टच्या बाजूचा हा मोठा मुद्दा आहे आणि मला तो मान्य आहे.

आणि मग येतात त्या गोष्टी ज्यांना गुणक नाही. ओवेन्स ओहायो स्टेट विद्यापीठाकडून धावायचा, पण कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा नव्हती. शिष्यवृत्ती नव्हती, पोटासाठी कामं करत तो शिकला. बर्लिननंतर युरोपात प्रदर्शनी शर्यतींचा दौरा अर्ध्यावर सोडून तो घरी परतला म्हणून अमेरिकी संघटनेनं त्याला निलंबित केलं. हौशी खेळाडूंचे नियम एवढे कडक होते की धावून पैसे मिळवले की मोठ्या स्पर्धांची दारं बंद. चार सुवर्णपदकं जिंकलेला तो माणूस पुढे पैशांसाठी घोड्यांशी शर्यती लावत होता. तेविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं आणि कारकीर्द संपली होती. बोल्टनं तिसऱ्या ऑलिंपिकची शंभर मीटर जिंकली तेव्हा तो तिशीला टेकला होता. ओवेन्सला २६ व्या वर्षी काय जमलं असतं याची दुरुस्ती कुठल्या सूत्रात घालणार? तसंच १९८० च्या दशकातल्या महिलांच्या काही विक्रमांचं. पूर्व जर्मनीत सरकारी पातळीवर खेळाडूंना उत्तेजकं दिली जात, त्यांतल्या अनेकींना तर आपल्याला काय दिलं जातंय हेही ठाऊक नसे. बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रंच बाहेर आली. त्या दशकातल्या आकड्यांशी आजच्या धावपटूंची तुलना करताना मी फार सावध असतो.

आपल्या मातीतला एक हिशेब. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत धावला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचं सुवर्णपदक ८:०८.०२ ला गेलं होतं, रौप्य ८:०९.११ ला आणि कांस्य ८:१०.३६ ला. म्हणजे आकड्यांवर अविनाश त्या शर्यतीत तिसरा. माँट्रियललाही कृत्रिम ट्रॅक होता, घड्याळ इलेक्ट्रॉनिक होतं, म्हणून ही तुलना ओवेन्सच्या तुलनेपेक्षा बरीच स्वच्छ आहे. बूट तेवढे बदलले. भारतीय स्टीपलचेस किती पुढे आली आहे हे यातून दिसतं. १९७६ चे ते तिघे किती मोठे धावपटू होते, हेही.

माँट्रियलचंच आणखी एक नाव घेतो, कारण वर सांगितलेली सगळी मापं त्याला लावून पाहिली तरी तो वरच्या फळीतच राहतो. एडविन मोझेस. जॉर्जियातल्या मोअरहाउस कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा मुलगा. ४०० मीटर अडथळा शर्यतीत दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर असतात. त्या काळी बहुतेक धावपटू ते अंतर १४ किंवा १५ पावलांत कापत, थकल्यावर पावलं वाढवत आणि पाय बदलण्यात वेळ घालवत. मोझेस पहिल्या अडथळ्यापासून शेवटच्यापर्यंत १३ च पावलं टाकायचा. माँट्रियलला त्यानं ४७.६४ चा विश्वविक्रम करत सुवर्णपदक जिंकलं आणि दुसरा आलेला माइक शाइन ४८.६९ वर होता. फरक १.०५ सेकंदांचा. १९८० मध्ये अमेरिकेनं मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, म्हणून ऐन भरातलं त्याचं एक ऑलिंपिक गेलं. तिथलं सुवर्ण ४८.७० ला मिळालं. १९८४ ला लॉस एंजेलिसला, जिथे उषाचं पदक शतांशानं हुकलं, तिथे पुरुषांचं सुवर्ण त्यानं पुन्हा जिंकलं. १९७७ ते १९८७ या काळात तो सलग १२२ शर्यती हरला नाही.

३१ ऑगस्ट १९८३ ला, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, जर्मनीत कोब्लेंझला मोझेस ४७.०२ सेकंदांत धावला. पायांत कार्बनची पट्टी नव्हती, फोम नव्हता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत राय बेंजामिनला ४६.४६ ला सुवर्ण मिळालं, आणि विश्वविक्रमवीर वारहोमला रौप्य, ४७.०६ ला. ४१ वर्षांपूर्वीचा मोझेस त्याच्या ४ शतांश पुढे आहे.